मामांची अंगठी आणि बुडालेला डोंगर

नमस्कार मंडळी. पत्रिकेत 'प्रवाळ बेटं कशी तयार होतात' असं छापलंय, तिथं मी येणारच आहे, पण आधी मामांच्या अंगठीचं सांगू द्या, कारण माझ्या डोक्यात हा विषय तिथूनच शिरला.

आमचे मामा माळकरी. करवीर तालुक्यात शेती, घरात अंडंसुद्धा चालायचं नाही. कुणीतरी मंगळ कडक आहे म्हणालं म्हणून गुजरीत जाऊन पोवळ्याची अंगठी करून घेतली. मी तेव्हा बीएस्सीला, नवीन शिकलेलं पोटात राहत नाही, जेवताना बोलून गेलो की मामा, हा खडा नाही, प्राण्याचा सांगाडा आहे. घास हातातच राहिला. अंगठी काढली, देव्हाऱ्यात ठेववेना आणि टाकवेना, शेवटी मामींनी ती हळदीच्या डब्यात घातली. (हसताय, पण त्या घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं.) तिसऱ्या रात्री मला अंगणात बोलावलं. "किती मोठा रं प्राणी?" म्हटलं, तांदळाच्या दाण्याएवढा. "मग त्याचं बेट हुतंय कसं? आणि उजेडाबिगर जगत नाही म्हणतोस, तर एवढ्या खोल समुद्राच्या तळातनं वर आला कसा?"

मला उत्तर आलं नाही. समुद्र आयुष्यात एकदा बघितलेला माणूस, आणि नेमका डार्विनला पडलेला प्रश्न विचारून बसला!

एक दुरुस्ती करतो, अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, ते अंधारातही वाढतं आणि बेटं बांधत नाही. बेटं बांधणारे त्याचे चुलत भाऊ. त्यांची पिल्लं पाण्यात तरंगत येतात, टणक जागा मिळाली की चिकटतात, आणि मग तो जीव आपल्या बुडाखाली चुन्याची वाटी करतो, थोडा वर सरकतो, परत खाली नवीन तळ घालतो, म्हणजे माडीवर माडी, आणि राहायला फक्त सगळ्यात वरच्या मजल्यावर. शेजारी कळ्या फुटून भावंडं होतात. अंगात बारीक शेवाळ पाळलेलं असतं, ते उन्हात अन्न करतं आणि बरंचसं मालकाला देतं, उजेड हवा तो यासाठी. पाणी फार तापलं की शेवाळ निघून जातं, पोवळं पांढरं पडतं, १९९८ साली लक्षद्वीपला हेच झालं. गोल गठ्ठ्यासारखी पोवळी वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात, फांद्यांची दहाच्या आसपास.

पण नुसत्या वाढीनं बेट होत नाही, हे मला कळकळीनं सांगायचंय. लाटा फांद्या मोडतात, पोपटमासे चावून चुरा करतात, तो चुरा फटीत बसतो आणि वरून गुलाबी चुनखडी शेवाळ लिंपलं जातं. घराच्या पायात डबर भरून वर कोबा करतात ना, तसंच. मोडतोड झाली नाही तर पाया भरत नाही. मालवणला पाण्यात उतरून लोक पोवळ्यावर उभे राहतात, फोटो काढतात, तेव्हा माझा जीव कासावीस होतो, कारण ती मोडतोड वेगळी, ती वरचा जिवंत मजलाच चिरडते. या पोवळ्यांना कायद्यात वाघाच्याच यादीत घातलंय हो! आणि आपला आंग्रिया बँक, म्हणजे समुद्रात बुडालेलं पोवळ्यांचं पठार, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, त्यावर एक अख्खं व्याख्यान होईल...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पटापट सांगतो.

डार्विननं खरं प्रवाळ बेट बघायच्या आधीच, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असताना उत्तर जुळवलं, १८४२ ला छापलं. प्राणी तळातून वर आलाच नाही. समुद्रात ज्वालामुखीचा डोंगर होता, त्याच्या काठाला उथळ पाण्यात पोवळी लागली, डोंगर हळूहळू खाली बसत गेला आणि पोवळी वर बांधत राहिली. आधी काठाला चिकटलेली, मग मध्ये पाणी सुटलं, मग डोंगर पूर्ण बुडाला आणि उरलं नुसतं कडं, आत खाजण. पुरावा ११० वर्षांनी मिळाला, १९५२ ला प्रशांत महासागरात एनिवेटॉक नावाच्या अशाच कड्यासारख्या बेटावर बोअर मारलं, १२०० मीटरपेक्षा जास्त खोलीपर्यंत नुसता पोवळ्याचा चुना, आणि त्याखाली ज्वालामुखीचा काळा दगड.

हे मामांना सांगितलं तेव्हा ते विहिरीकडं बघत म्हणाले, "मुरमाखाली असतोय त्योच की." आणि खरंच सांगतो, मालदीवच्या बेटांखालचा काळा दगड आणि आपला दख्खनचा, दोन्ही पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तापलेल्या जागेवरून आले, ती जागा आज रियुनियन बेटाखाली आहे. जमीन सरकत उत्तरेला आली, चूल तिथंच राहिली. लक्षद्वीपचं राहिलं, ते खाली चहाला बोलू, माईक मागतायत.