आडवे धुराडे

(अंगणात दोन ओंडक्यांवर एक जुनी पांढरी टाकी आडवी ठेवलेली दिसते.)

ही टाकी प्रोपेन गॅसची आहे. टेक्ससच्या ग्रामीण भागात, जिथे गॅसची पाइपलाइन पोहोचलेली नाही तिथे, घरामागे अशी एक टाकी हमखास असते आणि उन्हाने आतला गॅस तापू नये म्हणून ती बहुधा पांढऱ्या रंगाने रंगवलेली असते. हिची क्षमता 250 गॅलनची, म्हणजे सुमारे 950 लिटरची आहे, व्यास 30 इंच आहे आणि रिकामी असतानाही तिचे वजन 200 किलोंच्या वर भरते. वापरातून काढलेली ही टाकी भंगाराच्या अड्ड्यावरून ह्यूस्टनच्या पूर्वेकडच्या या अंगणात येऊन पडली आहे, आणि आता तिचा स्मोकर होणार आहे. स्मोकर म्हणजे जळत्या लाकडाच्या मंद उष्णतेवर आणि धुरावर मांस दहा-बारा तास शिजवणारी भट्टी.

मध्य टेक्ससमध्ये या पद्धतीचे मूळ एकोणिसाव्या शतकात तिथे येऊन वसलेल्या जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांत सापडते. दिवसअखेरीस न विकले गेलेले मांस ते धुरावर शिजवून ठेवीत आणि गिऱ्हाइकाला दुकानातल्याच कागदात गुंडाळून देत. लॉकहार्ट या छोट्या गावात 1900 साली सुरू झालेले क्रॉइट्स मार्केट आजही चालू आहे. टेक्ससच्या विधिमंडळाने 1999 साली लॉकहार्टला राज्याची बार्बेक्यूची, म्हणजे अशा धुरावर शिजवलेल्या मांसाची, राजधानी म्हणून मान दिला. तिथल्या जुन्या भट्ट्या मात्र विटांच्या आहेत. पोलाद आले ते तेलाच्या धंद्यातून. किनाऱ्याकडच्या तेलक्षेत्रांत आणि शुद्धीकरण कारखान्यांत जाड पाइपांचे तुकडे उरत असत, ते जोडणारे कसबी वेल्डर तिथेच होते, आणि सुटीच्या दिवशी त्या दोहोंची गाठ घरामागच्या अंगणात पडत असे.

या अंगणाचे मालकही त्याच धंद्यातले आहेत. आठवडाभर कारखान्यांत पाइपांचे सांधे भरतात आणि शनिवारी स्वतःच्या हौसेसाठी हातात वेल्डिंगचा होल्डर धरतात. त्यांनी कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवण्यास नम्रपणे नकार दिला, त्यामुळे पुढे दिसतील ते त्यांचे हात आणि हातमोजे.

(पाण्याची नळी टाकीच्या तोंडात सोडलेली आहे. कडांवरून साबणाचा फेस ओघळतो आहे.)

पहिला दिवस कापण्यात नव्हे, तर पाणी भरण्यात गेला. रिकामी म्हणून विकलेली टाकी खरोखर रिकामी असेलच असे नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो, आणि गळती लक्षात यावी म्हणून त्यात मिसळलेल्या मर्कॅप्टनचा कुजका वास टाकीच्या आतल्या गंजात वर्षानुवर्षे मुरलेला असतो. अशा टाकीवर कटरची एक ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो, आणि असे स्फोट झालेले आहेत. म्हणून उघड्यावर झडप सोडून उरलासुरला गॅस जाऊ दिला, मग झडपच काढून टाकली आणि भांडी घासण्याचा साबण घालून टाकी पाण्याने काठोकाठ भरली. एकदा रिकामी करून पुन्हा भरली. पहिला छेद घेतला तोही टाकी पाण्याने भरलेली असतानाच. ज्याला हे सारे नको तितके सावध वाटते त्याने जुन्या टाकीच्या वाटेला न जाता सरळ नवा पाइप विकत घ्यावा, असे आमचेही मत आहे.

टाकी रिकामी करून एका बाजूचे फुगीर टोक कापून काढले आणि शिजवण्याच्या दालनासाठी 5 फूट लांबीचा भाग ठेवला. कापलेल्या तोंडावर पाव इंच जाडीच्या पत्र्याची सपाट चकती बसवली. आपल्याकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात या जाडीला दोन सूत म्हणतात. या जाडीच्या पत्र्याचा एक चौरस मीटर जवळपास 50 किलोंचा होतो, आणि हे वजन इथे उगाच नाही. जाड पोलाद सावकाश तापते आणि तितक्याच सावकाश निवते, त्यामुळे झाकण उघडले, वाऱ्याची झुळूक आली किंवा एखादे लाकूड जरा जास्त भडकले तरी आतले तापमान एकदम वरखाली होत नाही. बाजारात मिळणारे स्वस्त, पातळ पत्र्याचे स्मोकर नेमके इथेच कमी पडतात.

(खडूने आखलेली रेघ दिसते. ग्राइंडरच्या चकतीतून ठिणग्या उडत आहेत.)

झाकण कापताना मालकांनी जे केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. खडूने चौकोन आखल्यावर त्यांनी चारही बाजू एकदम कापल्या नाहीत. आधी फक्त बिजागऱ्यांच्या बाजूची वरची रेघ कापली, तिथे ग्राइंडरने रंग खरवडून पोलाद चकचकीत केले आणि तिन्ही बिजागऱ्या जागेवर वेल्ड करून टाकल्या. उरलेल्या तीन बाजूंना चकती लागली ती त्यानंतर. याचे कारण टाकीच्या जन्मात आहे. पत्रा वाकवून, त्याचे सांधे भरून ती बनवलेली असल्यामुळे पोलादात ताण दडलेला असतो, आणि तुकडा मोकळा होताच तो ताण सुटून झाकणाची गोलाई बदलते. बिजागऱ्या आधीच पक्क्या असल्या तर झाकण निदान एका बाजूने तरी आपल्या जागी राहते. शेवटची रेघ कापून होताच पोलादाने टणत्कार केला आणि खालचा कोपरा बोटभर बाहेर आला. तो शिकंज्याने आवळून, हातोड्याने समजूत घालून बसवावा लागला. मग कडेने इंचभर रुंदीची पट्टी फिरवून फट झाकली.

आता जळणाची पेटी. ती शिजवण्याच्या दालनाच्या साधारण एक तृतीयांश आकारमानाची असावी, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. 30 इंच व्यासाच्या आणि 5 फूट लांबीच्या दालनाचे आकारमान सुमारे 700 लिटर होते, म्हणून पेटी 230 लिटरच्या आसपासची हवी, आणि 24 इंच व्यासाचा 31 इंच लांब पाइप या हिशेबात चपखल बसतो. पेटी दालनाच्या शेजारी, पण त्याहून खालच्या पातळीवर जोडली जाते, आणि दोहोंच्या मधल्या चकतीत अर्धचंद्राच्या आकाराचे भोक ठेवले जाते. मालकांनी पेटीला आधी वेल्डिंगचे फक्त टाके मारले, गुण्या लावून पाहिले, आणि मग एकदा या बाजूला तर एकदा समोरच्या बाजूला असे थोडे थोडे भरत सांधा पुरा केला. एकाच बाजूने सलग भरत गेले असते तर सांधा निवताना आक्रसून त्याने पेटी वाकडी ओढली असती.

पेटीच्या दाराला त्यांनी जाणूनबुजून थोडी ढील ठेवली आहे. दोन फूट रुंदीचे पोलाद 400 अंशांनी अधिक तापले की सुमारे 3 मिलिमीटरने वाढते, आणि थंड असताना घट्ट बसणारे दार आग पेटल्यावर अडकते. हा धडा त्यांना त्यांच्या पहिल्या स्मोकरने दिला होता. त्याचे दार एकदा बंद झाले ते पहार घालूनच उघडावे लागले.

(संध्याकाळच्या उजेडात धुराड्याचा पाइप दालनाच्या टोकाला धरून पाहिला जातो.)

खरे तर स्मोकर हे नावच दिशाभूल करणारे आहे. नाव ऐकून धूर कोंडून ठेवणारी पेटी डोळ्यांसमोर येते, आणि नवशिक्या माणूस तशीच बांधतो. वस्तुतः हे आडवे पाडलेले धुराडे आहे. हवा पेटीच्या खालच्या झरोक्यातून आत येते, आगीवरून जाते, अर्धचंद्रातून दालनात शिरते, मांसावरून वाहते आणि दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून निघून जाते. बाहेर 30 अंश आणि धुराड्यात 120 अंश सेल्सियस तापमान असेल, तर आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने हलकी असते, आणि तेवढ्या फरकावर ही सारी ओढ चालते. पंखा नाही, मोटार नाही. धुराड्याचे आतले तोंड जाळीच्या पातळीवर ठेवले आहे तेही याचसाठी, कारण ते छताशी ठेवले तर तापलेली हवा वरच्या वर पळून जाते आणि मांस तिच्या वाटेत येतच नाही.

ही ओढ कमी पडली की काय होते, ते चुलीसमोर बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ओले लाकूड घातले किंवा राखेने वारा अडला की चूल धुमसते, डोळ्यांतून पाणी येते आणि भाकरीलाही धुरकट वास लागतो. स्मोकरचेही तेच आहे. धुमसणाऱ्या लाकडाच्या दाट पांढऱ्या धुरातले डांबरट अंश मांसावर बसून ते कडू करतात, तर मोकळ्या हवेत ज्वाळेने जळणाऱ्या लाकडाचा धूर विरळ, निळसर आणि जेमतेम दिसणारा असतो. वासाची सगळी खुमारी त्या जेमतेम दिसणाऱ्या धुरात असते.

बाकीची कामे भराभर झाली. जाळीसाठी जस्ताचा मुलामा नसलेलीच लोखंडी जाळी घेतली, कारण मुलामा दिलेल्या लोखंडावर वेल्डिंग केले की जस्ताच्या वाफेने अंगात ताप भरतो, आणि अन्नाखाली तर ते मुळीच नको. चरबी वाहून जावी म्हणून तळाला किंचित उतार दिला आणि शेवटी एक तोटी बसवली. तापमापक झाकणाच्या माथ्यावर न लावता मांसाच्या उंचीवर लावले. आतून तेलाचा हात फिरवून दोन-तीन तास आग ठेवली, म्हणजे बिडाच्या नव्या तव्यावर धरतो तसा काळा थर पोलादावर धरला. बाहेरून रंग दिला, आणि पेटीवरचा रंग लवकरच सोलवटून निघणार हे माहीत असूनही दिला.

(जाळीवर कणकेच्या कच्च्या, गोल बिस्किटांच्या रांगा मांडलेल्या आहेत.)

मांस ठेवण्याआधी एक परीक्षा झाली. तयार कणकेची मऊ अमेरिकन बिस्किटे जाळीभर सारख्या अंतरावर मांडली आणि झाकण लावले. वीस मिनिटांनी उघडले तेव्हा पेटीजवळची रांग करपली होती, मधली खरपूस झाली होती आणि धुराड्याजवळची अजून पिठूळ होती. दालनातल्या उष्णतेचा नकाशाच जाळीवर उमटला होता. मालकांनी अर्धचंद्राच्या समोर एक तिरपी पोलादी पट्टी आणली, पण ती वेल्ड केली नाही, नुसती अँगलवर टेकवून मागेपुढे सरकवण्याजोगी ठेवली. पट्टी चार इंच पुढे घेतल्यावर दुसऱ्या खेपेला तिन्ही रांगांचा रंग बराच जवळ आला. करपलेली बिस्किटे कुत्र्याने हुंगून सोडून दिली.

(पहाटेचा अंधार आहे. पेटीच्या दाराच्या फटीतून नारिंगी उजेड दिसतो.)

आज पहाटे चारला आग पेटली. लाकूड पोस्ट ओकचे आहे, या भागात उगवणारे आणि वर्षभर उघड्यावर वाळवलेले. जाळीवर ब्रिस्केट आहे, म्हणजे गाईगुरांच्या छातीकडचे सुमारे 6 किलोंचे चिवट मांस, आणि त्याला मीठ व मिरपूड एवढेच लावले आहे. दालनात 120 अंश सेल्सियस राखायचे आहेत. मांस आतून साधारण 70 अंशांवर पोहोचेल तेव्हा मांसाच्या तापमानाचा काटा काही तास जागचा हलणार नाही, कारण पृष्ठभागावरून उडून जाणारे पाणी घामासारखे मांसाला थंड करीत राहील. पुष्कळ जण याच टप्प्यावर घाबरून आग वाढवतात. मालक खुर्ची ओढून बसले आहेत. 93 ते 95 अंशांच्या सुमारास कोलॅजन या मांसातल्या चिवट प्रथिनाचे मऊ जिलेटिन होऊन मांसाचे धागे सुटतील, आणि ते दुपार उलटल्याशिवाय होणार नाही.

साधारण चाळीस मिनिटे होत आली आहेत. ते उठतात, एक ओंडकी पेटीच्या माथ्यावर तापत ठेवलेलीच होती, तिची साल हाताने चाचपतात, दार उघडून ती निखाऱ्यांवर आडवी टाकतात आणि दार ओढून घेतात. क्षणभर धुराड्यातून पांढरा झोत निघतो. मग ओंडकी पेट घेते, झोत विरळ होतो, आणि धुराड्याच्या तोंडाशी फक्त हवा थरथरताना दिसते.