अंगणवाडीतलं अंगण

सकाळचे साडेनऊ. पालघर जिल्ह्यातला एक पाडा. ही पोरगी बघा, चपला उलटसुलट घातल्यात आणि तशीच अंगणवाडीकडे पळत सुटलीये, कारण जो आधी पोचेल त्याला पाण्याचा झारा मिळतो.

अंगणवाडी हा शब्द याच पट्ट्यातला. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पण दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, मग या दोघी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. खेळायला काय, तर शिंपले, चिंचोके, पानं, माती. १९५७ ला मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलला, तिथे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ ला एकात्मिक बालविकास ही सरकारी योजना आली आणि नाव देशभर गेलं. अंगण मात्र सगळीकडे गेलं नाही, कितीतरी ठिकाणी एक खोली आणि बाहेर थेट रस्ता.

इथे अंगण होतं, त्यावरही पेव्हर ब्लॉक टाकायचं ठरत होतं. ताई अडून बसल्या. चार वर्षांचं पोर पडणारच, मग ते मातीवर पडू दे ना.

मग गावकऱ्यांनी हा वाळूचा हौद खणला. दीड फूट खोल, तळाला खडी, म्हणजे पाणी साचत नाही, त्यावर गोणपाट आणि मग चाळलेली वाळू. संध्याकाळी वर जाळी टाकायची, नाहीतर मांजरं घाण करतात. खेळायच्या टायरना खालून भोकं पाडलीत, पावसाचं पाणी राहिलं की डास आलेच. आणि ही घसरगुंडी, पत्र्याची, आधी भर उन्हात होती, अकरा वाजता हात लावता यायचा नाही, ती उचलून करंजाच्या सावलीत आणली. एवढंच केलं, पण त्याला सहा माणसं लागली!

आता आत या. तक्ते पार छताजवळ होते, मोठ्यांनी बघायचे, ते मुलांच्या डोळ्यांसमोर आले. भिंतीचा खालचा दोन फूट भाग काळा रंगवला, बसल्या बसल्या रेघोट्या मारता येतात. ठोकळे दाराशी, कारण तिथे धडाधड आवाज होणार, आणि गोष्टींचा कोपरा पार आतल्या बाजूला, चटई, उशी, बस. मधे कपाट आडवं येत होतं ते भिंतीला लावलं, त्यामुळे ताईंना खिचडी वाढतानासुद्धा आतलं आणि बाहेरचं दोन्ही दिसतं.

पूर्वी खाऊ झाला की घरी पळणारी मुलं आता थांबतात, ताई म्हणतात.

आणि हा. झारा आज याला मिळालाय. पाणी ओततोय, ते वाळूत जिरतंय, परत भरायला चाललाय. ही सातवी खेप.