गणेशखिंडीत रुळताना

[दृश्य : पहाटेचे वाकडेवाडी एसटी स्थानक. रिमझिम पाऊस.]

नाशिकहून मध्यरात्री सुटलेली एसटी पहाटे पुण्यात वाकडेवाडीच्या स्थानकात शिरते. जुलै-ऑगस्टच्या दिवसांत तिच्यातून उतरणाऱ्यांत एखादा चेहरा हमखास असा असतो की, ज्याच्या खांद्यावर सॅक, हातात सुतळीने बांधलेली वळकटी आणि छातीशी दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल असते. वळकटी भिजली तरी चालेल, कपडे भिजले तरी चालतील. फाइल भिजता कामा नये. तिच्यात पदवीची गुणपत्रके, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला असतो, आणि यातल्या प्रत्येक कागदामागे तालुक्याच्या गावी मारलेल्या दोन-तीन फेऱ्या आणि घरातल्या कोणाची तरी बुडालेली मजुरी असते.

आज ही फाइल जिच्या हातात आहे, ती मुलगी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरून आली आहे. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. तिला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम. ए.ला प्रवेश मिळाला आहे. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात आईने दिलेली खुरासणीच्या चटणीची बरणी आहे, आणि तिचे झाकण सैल झाले आहे की काय, हे ती दर थोड्या वेळाने हात लावून पाहते.

[दृश्य : विद्यापीठाचे मुख्य प्रवेशद्वार, वडाच्या पारंब्या, दूरवर मुख्य इमारतीचा मनोरा.]

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. गणेशखिंडीचा हा सुमारे ४११ एकरांचा परिसर त्यापूर्वी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी राखलेला होता. आज जिला आपण मुख्य इमारत म्हणतो, तिचे बांधकाम १८६४ मध्ये सुरू झाले होते. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच बंगल्यात झाला आणि तो आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गोळी झाडली, ती याच गणेशखिंड रस्त्यावर. ज्या फाटकातून एके काळी केवळ गव्हर्नरच्या पाहुण्यांच्या बग्ग्या आत जात, त्या आवारात आज सुरगाण्याची मुलगी वळकटी घेऊन उभी आहे आणि पहारेकऱ्याला समाजशास्त्र विभाग कोठे आहे, असे विचारते आहे. २०१४ मध्ये या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले, त्या नावाचा अर्थ मला या दृश्यात जितका स्वच्छ दिसतो, तितका तो कोणत्याही समारंभात दिसलेला नाही.

पहारेकरी हात लांब करून सांगतो, "सरळ जा, मग कोणालाही विचार."

हे "कोणालाही विचार" ऐकायला सोपे वाटते. नव्या ठिकाणी रुळणे म्हणजे काय, याचा मी जेव्हा जेव्हा विचार करतो, तेव्हा मला वाटते की, रुळण्याचे जवळजवळ सगळे काम या दोन शब्दांतच सामावलेले आहे. ज्यांच्या घरी आधी कोणी विद्यापीठात गेलेले नसते, त्यांना काय विचारायचे हेच ठाऊक नसते, आणि ठाऊक झाले तरी विचारल्यावर आपण अडाणी ठरू, ही भीती असते.

कागदांचेच घ्या. सुरगाणा नाशिक जिल्ह्यात येते आणि नाशिक जिल्हा पुणे विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात असल्यामुळे या मुलीला स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला मायग्रेशन म्हणतात, ते आणावे लागत नाही. सुरुवातीला या विद्यापीठाकडे पश्चिम महाराष्ट्राचे १२ जिल्हे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाल्यानंतर पुणे, अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि नाशिक हे तीन जिल्हे उरले. त्यामुळे बीड, नांदेड किंवा जळगावहून येणाऱ्या विद्यार्थ्याला मायग्रेशन आणि पात्रता या दोन्ही पायऱ्या चढाव्या लागतात. मी स्वतः मराठवाड्यातून आलो होतो. मायग्रेशनसाठी एका कार्यालयाच्या खिडकीशी मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा "नंतर या" एवढेच ऐकून परतलो, कारण अर्जासोबत मूळ दाखला जोडायचा असतो, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. चौथ्या वेळी रांगेत मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलाने ते सांगितले. त्याचे नाव मला माहीत नाही, पण तो उपकार अजून लक्षात आहे.

[दृश्य : सांगवीतील एक खोली. तीन लोखंडी खाटा, दोरीवर वाळत घातलेले कपडे.]

त्यानंतरचा प्रश्न डोक्यावरच्या छपराचा असतो. वसतिगृहाची यादी लागायला वेळ लागतो आणि जागेपेक्षा अर्ज अधिक असतात. यादी लागेपर्यंत काही जण ओळखीच्या विद्यार्थ्याच्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून राहतात, आणि अशा विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या बोलीत 'पॅरासाइट' म्हणतात. हा शब्द इतका रुळला आहे की, मुले तो स्वतःसाठीही सहज वापरतात. मला मात्र तो आजही टोचतो. शिकण्यासाठी घर सोडून आलेल्या माणसाला परजीवी म्हणण्याची वेळ यावी, यात त्या माणसाचा काहीही दोष नसतो.

बाकीचे औंध, खडकी, पाषाण किंवा सांगवीकडे कॉट बेसिसवर जागा शोधतात. कॉट बेसिस म्हणजे खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. खाटेच्या खाली सॅक, भिंतीतल्या खिळ्यावर पिशवी आणि उशाशी मोबाइल, एवढा आपला मुलूख. आपल्या या मुलीला पहिले पाच आठवडे अशाच एका खाटेवर काढावे लागले. खोलीतल्या इतर दोघी स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या होत्या. त्यांचा अलार्म पहाटे साडेचारला वाजे, आणि पाड्यावर कोंबड्याच्या आरवण्याने उठणाऱ्या तिला तेवढी एक गोष्ट घरच्यासारखी वाटे.

आदिवासी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये ठरवण्यात आले होते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची स्वाधार योजना याच धर्तीवर आहे. हे पैसे हप्त्यांनी थेट खात्यात जमा होतात, परंतु घरमालकाला अनामत रक्कम पहिल्या दिवशी आणि मेसचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यावे लागतात. या मधल्या काळात हातउसने घेण्याखेरीज मार्ग नसतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालणाऱ्या 'कमवा व शिका' योजनेत दिवसाचे काही तास ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात काम करून अनेक जण हा काळ निभावून नेतात. तिनेही अर्ज भरला. या योजनेविषयी तिला माहिती मिळाली ती मेसच्या टेबलावर, समोर बसलेल्या एका सिनिअर मुलीकडून, पोळी वाढून घेता घेता.

[दृश्य : वर्ग. फळ्यावर अर्धवट पुसलेली अक्षरे. तिची वही.]

खोली मिळते, मेस ठरते, ओळखपत्र गळ्यात येते. खरी कसोटी वर्गात असते.

२०२३-२४ पासून राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना बदलली. दोन वर्षांचे ८८ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट; चार सत्रांत प्रत्येकी २२. पहिल्याच सत्रात संशोधनपद्धती आणि दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रकार्य. तासिका, चर्चासत्रे आणि अंतर्गत मूल्यमापन यांचा वेग असा असतो की, नव्या विद्यार्थ्याला श्वास घ्यायला दिवाळीपर्यंत सवड मिळत नाही.

त्यात भाषा. घरी ती कोकणा या आदिवासी जमातीची बोली बोलते. शाळेत गेल्यावर तिला पुस्तकी मराठी शिकावी लागली, म्हणजे ज्या भाषेला आपण सहजपणे मातृभाषा म्हणतो, तीच तिची दुसरी भाषा होती. पदवीपर्यंतचे समाजशास्त्र तिने याच मराठीतून केले आणि ते चांगले केले. एम. ए.च्या पहिल्या आठवड्यात वाचायला मिळालेले लेख मात्र इंग्रजीत होते. 'सामाजिक स्तरीकरण' म्हणजे काय, हे ती उदाहरणांसह अर्धा तास समजावून सांगू शकते. वर्गात 'स्ट्रॅटिफिकेशन' हा शब्द आला तेव्हा तो आपलाच ओळखीचा विषय आहे, हे तिच्या ध्यानात यायला दोन दिवस गेले. 'गतिशीलता' आणि 'मोबिलिटी' यांचेही तसेच झाले. ज्ञान असूनही ते नसल्यासारखे वाटणे, याइतके खचवणारे विद्यार्थीदशेत दुसरे काही नसेल. दर वर्षी काही मुले याच वळणावरून गुपचूप घरी परत जातात आणि घरी सांगतात की, पुण्याची हवा मानवली नाही.

तिने मधोमध रेघ मारून एक वही केली. रेघेच्या डाव्या बाजूला लेखातला शब्द देवनागरीत, जसा ऐकू येईल तसा. उजव्या बाजूला पदवीच्या पुस्तकातला मराठी शब्द. आणि जिथे दोन्ही अपुरे वाटले, तिथे खाली पेन्सिलीने आपल्या बोलीतला शब्द. वहीच्या एका पानावर 'किन्शिप', 'नातेसंबंध' आणि त्याखाली काका, मामा, आत्या यांना पाड्यावर हाक मारायचे शब्द आहेत. पहिल्या लेखाची चार पाने वाचायला तिला जयकर ग्रंथालयात तीन तास लागले. दुसऱ्या दिवशी ती त्याच खुर्चीवर येऊन बसली, खिडकीपासून दुसरी, जिथे पंख्याचा वारा येतो पण पाने उडत नाहीत. पुढे महिनाभर ती खुर्ची तिचीच राहिली. बसण्याची ठरलेली जागा मिळाली की, परक्या गावातल्या माणसाचे पाय किती लवकर जमिनीला टेकतात, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

[दृश्य : चर्चासत्र. वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या.]

सप्टेंबरच्या अखेरीस चर्चासत्रात आदिवासींविषयीचा जुना वाद आला. एका बाजूला गो. स. घुर्ये होते, मालवणात जन्मलेले, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची घडी बसवणारे. त्यांनी १९४३ मध्ये आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले आणि त्यांना मुख्य समाजात सामावून घ्यावे, अशी भूमिका मांडली. दुसऱ्या बाजूला मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन होते. आदिवासींना बाहेरच्या जगाच्या धक्क्यापासून जपले पाहिजे, असे त्यांनी त्या काळी मांडले होते. वर्गाचे दोन गट पडले, सामावून घेणारे आणि जपणारे, आणि तासभर चांगली चर्चा झाली. ती त्या वेळेपर्यंत एकदाही बोललेली नव्हती.

मग तिने हात वर केला आणि मराठीतच विचारले, "मॅडम, या दोघांपैकी कोणी आमच्या लोकांना विचारलं होतं का, की तुम्हाला काय पाहिजे?"

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग मॅडम खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे पुन्हा एकदा, सावकाश सांग." तिने सांगितले. तासाची वेळ संपून वीस मिनिटे झाली तरी कोणी उठले नाही. तिच्या अंतर्गत निबंधाचा विषय त्या दिवशी ठरला, आणि तो मराठीत लिहून संदर्भ इंग्रजीतले वापरायचे, हेही ठरले.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी भराभर झाल्या. वसतिगृहात जागा मिळाली. एका शनिवारी ती मैत्रिणींबरोबर आवारातल्याच आयुकात व्याख्यानाला गेली. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये उभी राहिलेली ही खगोलशास्त्राची संस्था, आणि चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या तिच्या अंगणात न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे आहेत. फूकोचा लंबक संथपणे झुलत होता. पृथ्वी फिरते हे डोळ्यांना दिसण्याची अशी सोय असते, हे तिने घरी फोन करून सांगितले.

आणि एका दुपारी विभागाच्या पायऱ्यांवर फाइल छातीशी धरून उभा असलेला एक मुलगा तिला दिसला. त्याचा प्रवेश शेवटच्या फेरीतला होता. तो कोणालाही काही विचारत नव्हता. ती स्वतःहून त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "कोणता कागद राहिलाय?"

[दृश्य : वाघबारशीची संध्याकाळ, पाड्यावरचे घर. चुलीचा धूर.]

दिवाळीच्या सुटीत वाघबारशीला ती घरी पोहोचली. परत निघण्याच्या आदल्या रात्री आईने खुरासणी भाजायला घेतली आणि बरणी किती मोठी हवी, असे विचारले. ती बोटांवर मोजू लागली : खोलीतल्या दोघी, मेसवरची ताई, विभागातल्या तिघी, आणि शेवटच्या फेरीतला तो मुलगा. आईने खुरासणीची आणखी दोन मापे तव्यावर टाकली.