वाणीचा हुरडा : कोवळ्या दाण्याचे दिवस

(दृश्य : कळमेश्वर रस्त्यालगतचं काळं वावर. सकाळ. कपाशीत वेचणी चालू आहे. धुऱ्याच्या कडेला ज्वारीचा लहानसा तुकडा उभा.)

थंडी पडली की नागपुरात दोन विषय निघतात. एक विधिमंडळाचं अधिवेशन, दुसरा हुरडा. अधिवेशनाचं पेपरात छापून येतं. हुरड्याचं व्हॉट्सॲपवर ठरतं : या रविवारी कोणाच्या वावरात?

काटोल, हिंगणा, उमरेड, सावनेर, शहराबाहेर पडणारा कोणताही रस्ता धरा. वस्ती संपता संपता 'हुरडा पार्टी'चे फलक सुरू होतात. त्यातल्या कित्येकांवर चित्र मक्याच्या कणसाचं असतं, ते सोडून द्या. हुरडा ज्वारीचा. आणि वऱ्हाड-नागपुराकडचा जुना माणूस विचारतो तो वाणीचा, म्हणजे वाणी नावाच्या इकडच्या ज्वारीचा.

(दृश्य : कणसाजवळ कॅमेरा. शेतकऱ्याचा अंगठा आणि नख.)

वाणीची धांडं माणसाच्या डोक्यावर जातात. कणीस तोडायचं तर ताट वाकवून घ्यावं लागतं. पण तोडण्याआधी परीक्षा असते. कणसाच्या मधला एक दाणा काढून नखानं दाबायचा. पांढरं दूध उडालं, तर अजून चार-पाच दिवस थांबा. करकर वाजलं, तर वेळ गेली, आता हे कणीस सोंगणीला. नख अलगद रुतलं आणि आतून मऊ, ओलसर पीठ आलं, की तो हुरडा. हे काका दाणा दाबून दाखवतात, मग तोंडात टाकतात, आणि काही न बोलता पुढच्या ताटाकडे वळतात. म्हणजे झाला.

फुलोरा गेल्यावर दाणा आधी दुधात येतो, मग चिकात, मग घट्ट होत जातो. पानांनी तयार केलेली साखर दाण्यात येत असते आणि तिथं तिचा स्टार्च होत असतो. चिकाच्या वेळी साखर बरीचशी साखरच असते, म्हणून गोडी. तुकड्यातलं एखादं कणीस त्या गोडीवर जेमतेम आठवडाभर टिकतं. पुढं दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागतो. तो दिसला की झाडाकडून दाण्यात काही येणं बंद झालं, ज्वारी पिकली. भाकरीला उत्तम, हुरड्याला नाही.

कणीस तोडल्यावरही घाई असतेच. दाण्यातलं पाणी उडतं, गोडी उतरते. सकाळी तोडलेलं कणीस संध्याकाळी नागपुरात बर्डीच्या बाजारात विकायला ठेवलं, तर ते खाता येईल, पण वावरात बसून खाल्लेल्याला ते पटणार नाही. म्हणून हुरड्याकडे आपण जायचं असतं. आता भाजलेला हुरडा पाकिटात गोठवूनही मिळतो. उसळ करायला, थालीपिठात घालायला तो बरा. एवढंच.

(दृश्य : जमिनीत उथळ खड्डा. गोवऱ्यांचा विस्तव. बाजूला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भारा.)

भाजणं हे या सगळ्यातलं खरं कसब. जाळावर कणीस धरलं की वरचं भुसं जळतं आणि दाणा आत कच्चा राहतो. त्यामुळं आधी गोवऱ्या पेटवून पार निखारा होऊ द्यायचा. मग कणसं अशी मांडायची की दांडे बाहेर आणि दाण्यांची बाजू निखाऱ्यात. वरून थोडी गरम राख ओढायची. मिनिटाभरात तडतड सुरू होते, हिरवा रंग काळवंडतो आणि वास सुटतो. इथं हात थांबला तर दाणा वाळून टणक होतो. भाजणारा माणूस म्हणून गप्पांत भाग घेत नाही. त्याला हाक मारू नये.

कणीस राखेतून निघालं की थेट तळहातावर. दोन्ही हातांत धरून गरम असतानाच चोळायचं, थंड झालं तर भुसं सुटत नाही. शहरातले पाहुणे फुंकर मारत हात बदलत राहतात, आणि शेजारी सत्तरीच्या आजी तेच कणीस शांतपणे चोळून मोकळं करतात. मग सुपात घेऊन दोन झटके. भुसं उडून जातं, सुपात हिरवे, टपोरे, वाफाळते दाणे.

वाणीची ख्याती या टप्प्यावर कळते. प्रत्येक ज्वारीच्या कणसाचा हुरडा होतोच, पण सगळ्यांचा दाणा भुशातून सुटत नाही. काही जाती इतक्या घट्ट की चोळून चोळून हात दुखतात आणि तोंडात भुसं येतं ते येतंच. वाणीचा दाणा मोठा, रसाळ आणि सैल बसलेला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी मुद्दाम निवडलेल्या जातीही आहेत, पीकेव्ही अश्विनी, पीकेव्ही कार्तिकी. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात गुळभेंडी, सुरतीची नावं निघतात. त्यांच्याशी तुलना करून वाद घालायला हिवाळ्याची दुपार पुरत नाही.

(दृश्य : सतरंजी. पत्रावळी. जवसाची चटणी, तिखट, दही, गूळ.)

हुरड्याबरोबर काय, याचं उत्तर घराघरात वेगळं. जवसाची चटणी इकडची हक्काची. लसणाचं तिखट, घट्ट दही, गुळाचा खडा, काकडी, ओल्या शेंगा. आणि त्याच पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात घालून. "अजून घ्या ना, तुम्ही तं काही खाल्लंच नाही," असं म्हणणारा एक तरी माणूस लागतोच. हुरडा पोटभर खाल्ल्यावर निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड रोडगे खायला बसणारेही आहेत. त्यांची तब्येत वेगळी.

(दृश्य : दूरवर पसरलेली कपाशी आणि तूर. ज्वारी कुठंच नाही.)

आता जरा मागं वळून वावराकडं पाहू. हुरड्याचा तुकडा सोडला, तर या शिवारात ज्वारी दिसत नाही. एके काळी ती नसलेलं वावर शोधावं लागायचं. माणसाला भाकर आणि बैलाला कडबा, दोन्ही एकाच पिकातून. कपाशीच्या वावरातही ती असायची. सहा तास (म्हणजे ओळी) कपाशी, एक ज्वारी, दोन तूर, पुन्हा एक ज्वारी, ही पद्धत तर विद्यापीठानंच शिफारस केलेली. त्या दोन तासांतली कणसं घरच्या पोरांनी भाजून खाल्ली तरी कोणी मोजत नसे. हुरडा विकायचा असतो, हे तेव्हा कोणाला सांगितलं असतं तर हसले असते.

१९७० च्या सुमारास देशात ज्वारीखाली सुमारे १ कोटी ७० लाख हेक्टर जमीन होती. आज ती ४० लाखांच्या आसपास आहे. विदर्भात सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आला, बैल गेले आणि कडब्याची गरज गेली. खरिपाची ज्वारी ऐन भरताना पावसात सापडली की बुरशीनं काळी पडते, तिला भाव मिळत नाही. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. उत्पादन वाढलं, पण जुन्या भाकरीची चव त्याला आली नाही, अशी तक्रार अजून ऐकू येते. त्यात रानडुकरं, रोही (नीलगाई), पाखरं. शेजाऱ्यानं ज्वारी सोडली की साऱ्या शिवारातली पाखरं तुमच्या एकट्याच्या तुकड्यावर. मग तुम्हीही सोडता.

हमीभाव पाहा. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,६९९ रुपये. म्हणजे किलोला सदतीस. हुरडा त्याच्या कित्येक पट भावानं जातो, आणि पार्टीचा दर माणशी असतो तो वेगळा. तेव्हा हे बैलगाडीची चक्कर, झोके, मोठ्या आवाजातली गाणी, सेल्फीसाठी उभारलेली खोटी विहीर, यावर नाक मुरडणं सोपं आहे. गाणी नकोतच, वावरात बसून पाखरं ऐकू येऊ नयेत हा काय प्रकार. पण शहरानं पैसे मोजले नसते, तर हा तुकडाही सोयाबीनखाली गेला असता. एक एकर वाणी जगवायला चार रविवार गोंगाट सहन करावा लागत असेल, तर तो करावा.

(दृश्य : वावराच्या मध्ये मचाण. गोफण. रिकामा डबा वाजतो. पोपटांचा थवा उठतो.)

आणि पैसे फुकटचे नाहीत. दाणा दुधात आल्यापासून राखण सुरू होते. दिवसा पोपट आणि भोरड्या, रात्री डुकरं. पहाटे पाखरं उतरतात त्याआधी मचाणावर माणूस हवा. चमकत्या फितीला पोपट दोन दिवस भितात. तिसऱ्या दिवशी तिच्यावरच बसतात.

सगळा तुकडा एकदम तयार होऊनही चालत नाही, कारण पाहुणे रविवारीच येतात. म्हणून पेरणी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं, लहान लहान पट्ट्यांत. दिवाळीच्या आसपास पहिली पट्टी खायला येते. ओलिताची सोय असलेले मागून पेरलेल्या पट्ट्यांवर जानेवारीपर्यंत नेतात.

(दृश्य : कापडी पिशव्या बांधलेली काही कणसं.)

या कणसांना मात्र कोणी हात लावायचा नाही. हे बियाणं. वाणी संकरित नसल्यानं दाणा घरचा धरता येतो, दरवर्षी पाकीट विकत घ्यायला नको. ज्वारीत परागण बहुतेक आपल्या आपल्यातच होतं, तरी वाऱ्यानं शेजारचे परागकण थोडेफार येतात. म्हणून चांगल्या ताटांची कणसं फुलोऱ्याआधीच झाकून ठेवली आहेत. पाहुण्यांतलं एखादं पोट्टं त्यांच्याकडे जातंच, आणि काका मचाणावरून ओरडतात, "अबे, ते नोको तोडू!" पूर्ण पिकली की ही कणसं घरी जातील, वाळतील, बडवली जातील. दाणे राखेत मिसळून डब्यात भरले जातील. मृगाचा पाऊस बरा झाला तर पहिली पट्टी जूनच्या अखेरीस पडेल.