तेहेतीस थेंब

(दृश्य: केळीची बाग, सकाळ. लांबून मोटारीचा आवाज.)

यावल तालुका, मे महिना. आठ वाजलेत आणि अंगणातली फरशी आत्ताच पाय ठेवू देत नाही. तरी नानांच्या खोलीतला पंखा बंद आहे. मुलानेच बंद केलाय. उघड्या नळीवर धूळ नको.

नानांची किडनी बदलून तीन महिने झाले. नवी किडनी अंगाने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्या प्रतिकारशक्तीही दाबतात. तेवढ्यात सीएमव्ही उठला. हा विषाणू कितीतरी जणांच्या अंगात वर्षानुवर्षं निजलेला असतो, कुणाला पत्ताही नसतो. त्यावर गॅनसायक्लोव्हिर, शिरेतून, बारा-बारा तासांनी. किलोमागे 5 मिलिग्रॅम हा पूर्ण डोस; नानांचे किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी तो निम्मा केला.

(जवळून: दंडातली नळी, पारदर्शक पट्टी.)

औषध कालवायला तालुक्याहून सिस्टर येतात. हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय त्या कुपीला हात लावत नाहीत. अंगावर सांडलं तर साबण-पाणी, डोळ्यात गेलं तर नुसतं पाणी, भरपूर. सून पाच महिन्यांची गरोदर आहे. हे औषध गर्भाला अपाय करू शकतं, म्हणून ती उंबरठ्याच्या आत येत नाही. चहाचा कप दारातच ठेवते.

मुलगा कोपरापर्यंत हात धुतो. नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासतो, मग वाळू देतो. आपल्याकडे इथेच घाई होते. फुंकर मारून वाळवणारेही पाहिलेत. आधी सलाईनने नळी धुवायची, मग औषध.

आता 100 मिलिलिटरची बाटली, एक तास. साध्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. हिशेब मिनिटाला तेहेतीस थेंबांवर येतो. मुलगा घड्याळ धरून मोजतो.

"चाक जरा सोड ना रे. नऊला लाइट येईल, केळीला पाणी लावायचंय."

"नाना, मोटार मी लावतो. हे असंच चालू दे."

भरभर सोडलं तर औषध रक्तात एकदम चढतं, त्रास वाढतो. मुलगा तांब्या पुढे करतो. डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलंय, तेवढं पोटात गेलंच पाहिजे. या उन्हात तर जास्तच लक्ष ठेवावं लागतं.

भिंतीवर कॅलेंडर. रक्त तपासणीच्या तारखांना लाल गोल. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरू शकतात, त्या घसरल्या तर औषध थांबवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. थंडी वाजून ताप, हात सुजणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी: यांतलं काहीही दिसलं की फोन, मग रात्रीचे दोन का असेनात. तो नंबरही कॅलेंडरवरच, मोठ्या अक्षरांत.

सुई टणक डब्यात जाते, औषधाची बाटली पिवळ्या पिशवीत. दोन्ही दवाखान्यात परत. उकिरड्यावर नाही, चुलीत तर नाहीच.

शेवटचा थेंब. पुन्हा सलाईन. टोपण.

मुलगा पंखा लावतो. नाना पायात चपला सरकवतात.

"रात्री आठला या," मुलगा म्हणतो.