उसाचे पान, भाताचे पान

(दृश्य : पंचगंगेकाठचा उसाचा फड, दुपारचे ऊन. कॅमेरा एका पानावर स्थिरावतो.)

उसाचे पान कापते, हे कोल्हापूरच्या शिवारात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पानाच्या कडेला सिलिकाचे बारीक दाते असतात आणि हात उलटा फिरला की ते बोलतातच. हेच पान उजेडासमोर धरले, तर पांढऱ्या जाड मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींना खेटून धावणाऱ्या समांतर शिरांची दाटी दिसते. उसाच्या गोडीचा धागा या दाटीपर्यंत जातो.

कोणत्याही पानापुढचा पेच एकच असतो. अन्न तयार करण्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, तर पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, उघडावी लागतात. आणि ती उघडली, की त्याच वाटेने आतले पाणी वाफ होऊन निघून जाते. हवेच्या दहा हजार भागांत हा वायू जेमतेम चार भाग असल्यामुळे रंध्रे थोडा वेळ किलकिली करून भागत नाही.

(दृश्य : दाजीपूरचे जंगल. जांभळाच्या पानाचा सूक्ष्मदर्शकाखालील आडवा छेद.)

गगनबावड्याच्या बाजूला वर्षाला ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शिरोळकडे त्याचा लहानसा हिस्सा. एका जिल्ह्यातील ही तफावत पानांच्या घडणीतही उतरली आहे. पश्चिमेकडील सदाहरित जंगलातील जांभळाच्या पानावर मेणाचा चकचकीत थर असतो. त्याखाली हरितलवकांनी, म्हणजे अन्न तयार करणाऱ्या हिरव्या कणांनी, भरलेल्या लांबट पेशी खांबांसारख्या दाटीने उभ्या असतात, त्या प्रकाश टिपतात. त्यांच्या खाली विरळ, पोकळ्यांची स्पंजी ऊती असते, तिच्यातून वायू खेळतो. आणि पर्णरंध्रे बहुतेक खालच्या, सावलीच्या बाजूला असतात. एकाच झाडाच्या शेंड्यावरची उन्हातली पाने जाड असतात, तर आतल्या सावलीतली पातळ आणि रुंद, कारण तिथे चणचण पाण्याची नसून प्रकाशाची असते.

(दृश्य : आजऱ्याचे भाताचे खाचर; लगेच पुन्हा ऊस.)

भात आणि ऊस ही दोन्ही गवतेच. दोन्ही पाने लांब, अरुंद, समांतर शिरांची. छेद घेतला मात्र की नाते जवळचे असूनही घर वेगळे निघते. भाताच्या पानात कार्बन डायऑक्साइड सरळ रुबिस्को या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती पडतो. या विकराची एक खोड आहे : ऊन तापले, की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही पकडते आणि मग मिळवलेल्या कार्बनचा काही भाग प्रकाशश्वसन नावाच्या या प्रक्रियेत वाया जातो.

उसाच्या पानात ही खोड रचनेनेच आवरली आहे. प्रत्येक शिरेभोवती जाड भिंतींच्या मोठ्या पेशींचे एक कडे असते आणि त्या कड्याभोवती दुसऱ्या पेशींचा वेढा. बाहेरच्या वेढ्यातील विकर ऑक्सिजनला हात लावत नाही. ते कार्बन डायऑक्साइड पकडते आणि त्यापासून बनलेले चार कार्बनचे आम्ल आतल्या कड्याकडे धाडते. तिथे तो वायू पुन्हा मोकळा होतो, जाड भिंतींमुळे सहजासहजी बाहेर निसटत नाही, आणि कड्यात बसलेल्या रुबिस्कोला त्याचा भरपूर पुरवठा होतो. आम्लाला लांब जावे लागू नये म्हणून शिरा जवळजवळ हव्यात. उजेडात दिसलेली दाटी ती हीच. तयार झालेली साखर मग त्याच शिरांतून कांड्यांकडे उतरते.

जर्मन भाषिक वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कड्याला हार या अर्थाचा ‘क्रान्झ’ हा शब्द वापरला, परंतु हा हार कशासाठी, हे उलगडायला जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. १९६५ साली हवाई बेटांवरील ऊस संशोधकांनी चार कार्बनची आम्ले आधी तयार होतात, हे प्रसिद्ध केले आणि १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी त्यामागचा मार्ग मांडला. ऊस पाणी फार पितो, ही तक्रार रास्त आहे, पण तिचे खापर पानावर फोडता येत नाही. तेवढ्याच पाण्यात ते भाताच्या पानापेक्षा अधिक कार्बन बांधते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, हिशेब तिथे वाढतो.

रंकाळ्यात माजणाऱ्या जलपर्णीला पाण्याची चिंताच नाही. तिचे देठ हवेने फुगलेले असतात आणि पाने उन्हात तरंगती राहतात.

(दृश्य : जुन्या घराची पडवी, कुंडीत पानफुटी. पहाट.)

पानफुटीचे जाड, रसाळ पान दिवसा पर्णरंध्रे बहुतांशी मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या मोठ्या रिक्तिकांत, म्हणजे आतल्या द्रवाच्या पिशव्यांत, साठतो आणि दिवसा, बंद दाराआड, त्याचे अन्न होते. भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी हे प्रथम चाखून नोंदवले. लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापलेल्या त्यांच्या पत्रात म्हटले आहे, की या झाडाचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत त्याची चव जवळजवळ नाहीशी होते.

(दृश्य : दिवेलागण. त्याच कुंडीतील पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शक. रंध्राच्या दोन्ही कडांच्या रक्षक पेशी हळूहळू फुगतात आणि रंध्र उघडते.)