शून्य लिहायचं, रिकामं सोडायचं नाही

रात्रीचे साडेनऊ. आंबोलीचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पाऊस आत्ता कुठे थांबलाय आणि एमएस्सी झूलॉजीची ही मुलं हेडटॉर्च लावून बाहेर पडलीयेत. पाच दिवसांचा निवासी कोर्स आहे, आज दुसरी रात्र, जळवांना ओरडण्याचं प्रमाण कालच्यापेक्षा बरंच कमी झालंय (आमच्या कॅमेरामनचं सोडून).

शंभर मीटर दोरी टाकलीय, दोन्ही बाजूला दोन-दोन मीटर बघायचं, अर्धा तास, घाई नाही. आधी वेळ, तापमान, आर्द्रता लिहायची आणि मग पाय उचलायचा. लिहायचं पेन्सिलनेच, कारण पेनची शाई इथे पाच मिनिटांत पसरते.

शोधतायत ते हे महाशय. आंबोली टोड, बेडकाचीच एक जात, शास्त्रीय नाव झँथोफ्रायने टायगेरिना. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे, पण आकार म्हणाल तर अंगठ्याएवढा. वेगळी प्रजाती म्हणून याची नोंद झाली 2009 साली, आणि आज हा अतिसंकटग्रस्त यादीत आहे. अंडी घालतो ती जांभ्यातल्या वीतभर खळग्यातल्या पाण्यात, म्हणजे चार दिवस ऊन पडलं की खळगा कोरडा आणि पिल्लांचा खेळ खल्लास. त्यामुळे पाय कुठे टाकतोय हे पण शिकावं लागतं. परवानगीशिवाय हात लावायचा नाही, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, आणि नुसता आवाज आला असेल तर 'ऐकला' लिहायचं, 'दिसला' नाही.

पहिल्या रात्री एका ग्रुपला अर्धा तास काहीच मिळालं नाही. त्यांनी तो रकाना तसाच कोरा सोडला, आणि मॅडमनी सकाळी चहाच्या वेळी तोच कागद वर धरला. "अरे, इथे तुम्ही गेलाच नव्हतात की गेलात आणि काही दिसलं नाही? मला कसं कळणार? शून्य लिहा ना!" दहा वर्षांनी कोणी याच सड्यावर येऊन मोजणार असेल तर त्याला हे शून्यच लागणार आहे, कोऱ्या रकान्याचं तो काय करणार.

आज त्याच ग्रुपची शेवटची फेरी चाललीय. दोरीच्या टोकाला एक बेडूक टुणकन उडून गवतात गेला. फोटो नाही, पट्टे कोणी बघितले नाहीत. एक जण म्हणतो टोडच होता रे, लिही. जिच्या हातात पेन्सिल आहे ती जरा थांबते, ओल्या कागदावर टॉर्च मारते आणि लिहिते, "बेडूक, 1, ओळख पटली नाही."